लाजाळू लाजत नाही

बागेला जागा लागते, पैसा लागतो, असे म्हणून आपण तो विषय सोडून देतो. आम्हीही तेच म्हणत होतो. सोलापुरात दोन खोल्यांचे पत्र्याचे घर, पुढे चार फुटांचा ओटा. ओट्याच्या एका कोपऱ्यात पाण्याचे बॅरल, दुसऱ्या कोपऱ्यात विड्या वळायचे सूप. तिथे बाग कसली? पण काही वर्षांपूर्वी कोकणात कामाला असलेल्या एका नातेवाइकाने लाजाळूच्या वाळलेल्या शेंगा कागदाच्या पुडीत बांधून आणल्या. कोकणात हे झाड रस्त्याच्या कडेला तणासारखे माजते. आमच्याकडे मात्र ते लेकरासारखे वाढवावे लागले.

लाजाळू मूळचे आपल्या देशातले नाही. ते दक्षिण आणि मध्य अमेरिकेतून इकडे आले आणि दमट हवेत रुजून गेले. त्याला ऊब आवडते, पण सोलापूरचा कोरडा उन्हाळा सोसत नाही. हे आधी ठाऊक नसल्याने आमची पहिली खेप वाया गेली. शेतातली काळी माती तशीच डब्यात भरली, रोज तांब्याभर पाणी घातले. माती चिखल होऊन बसली, मग तडकली आणि रोपे मुळाशी कुजली.

बी कसे रुजवावे?

लाजाळूच्या बियांचे साल कठीण असते. नुसते मातीत टाकले तर बी महिनोन्‌महिने तसेच पडून राहते. म्हणून हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात रात्रभर भिजवावे. सकाळी फुगलेले बी निवडून पेरावे. न फुगलेले बी खरकागदावर हलके घासून पुन्हा भिजवावे.

रंगाचा किंवा तेलाचा रिकामा डबा चालतो, पण बुडाला चार-पाच भोके पाडलीच पाहिजेत. एक भाग काळी माती, एक भाग तांबडी माती किंवा वाळू, एक भाग चांगले कुजलेले शेणखत असे मिश्रण करावे. बी नखभर खोल पेरून वर चिमूटभर माती भुरभुरावी. एक ते तीन आठवड्यांत कोंब दिसतात. एका डब्यात एकच जोमदार रोप ठेवावे. मुळे दुखावलेली या झाडाला सोसत नाहीत, म्हणून पुन्हा पुन्हा जागा बदलू नये.

युरिया घालू नका. लाजाळू हे तूर-हरभऱ्याच्या कुळातले झाड आहे. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून त्याला पुरवतात.

ऊन आणि पाणी

सकाळचे तीन-चार तास ऊन मिळाले म्हणजे झाड सुखी असते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की दुपारी डबा सावलीत सरकवावा, किंवा वर जुन्या साडीचा पडदा बांधावा. पत्र्याला चिकटून ठेवू नये, पत्र्याची धग झाडाला भाजते.

मातीत बोट घालून पाहावे, वरचा थर सुकला असेल तरच पाणी द्यावे. ज्या वस्तीत नळाला रोज पाणी येत नाही, तिथे तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी चालते. साबणाचे नको. उन्हाळ्यात पानामागे बारीक लाल कोळी दिसला तर पाने पाण्याने धुऊन काढावीत. शेंडे खुडले की झाड पसरते. पावसाळ्यात आणि पुढे गुलाबी, लोकरीच्या गोंड्यासारखी फुले येतात.

मुलांना तीन गोष्टी सांगून ठेवाव्यात. खोडाला काटे असतात. पाला तोंडात घालायचा नाही, शेळीपुढेही टाकायचा नाही. आणि बी नाल्यात किंवा शेतात फेकायचे नाही, कारण हे तण एकदा पसरले की आवरत नाही.

पाने का मिटतात?

प्रत्येक पानाच्या देठाशी एक फुगीर सांधा असतो. त्यातल्या पेशी पाण्याने टम्म भरलेल्या असतात, म्हणून पान ताठ उभे राहते. बोट लागले की झाडातून विजेचा बारीक संदेश धावतो, सांध्याच्या एका बाजूचे पाणी बाहेर पडते आणि पान खाली झुकते. दहा-वीस मिनिटांत पाणी परत भरते आणि पान उघडते. जगदीशचंद्र बोस यांनी याच झाडावर नाजूक यंत्रे लावून ही हालचाल मोजली आणि वनस्पतींमध्येही असे संदेश धावतात हे दाखवले. १९१७ साली त्यांनी कलकत्त्याला आपली संशोधन संस्था काढली.

पण झाडाला याचा फायदा काय? जपानमधल्या शास्त्रज्ञांनी २०२२ साली पाने न मिटणारी लाजाळूची झाडे तयार करून नाकतोडे सोडले. नाकतोड्यांनी ती झाडे जास्त खाल्ली. म्हणजे पान मिटते ते स्वतःला वाचवण्यासाठी. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कुंड्या थोड्या उंचीवरून पुन्हा पुन्हा अलगद पाडल्या. इजा होत नाही असे दिसल्यावर झाडांनी पाने मिटणे सोडले. महिनाभराने पाहिले तरी त्यांनी ती मिटली नाहीत.

पाने मिटलेली असताना झाडाला नीट अन्न तयार करता येत नाही. तेव्हा पाहुणे आले की दिवसभर झाडाला डिवचू नये. दिवसातून एकदा-दोनदा पुरे.

एक संध्याकाळ

आमच्याकडे पहिल्यांदा पान मिटले तेव्हा आजी कौतुकाने म्हणाली, "बघा गं, पोरीच्या जातीनं असं असावं." थोरली तेव्हा सातवीत होती. ती काही बोलली नाही. त्या सुमारास तिने शिकवणीला जाणे बंद केले होते. विचारले की मान खाली. आम्हाला वाटले, अभ्यासाचा कंटाळा.

शेजारच्या कन्नड मावशी विड्या वळायला आमच्या ओट्यावर बसतात. त्या हसून म्हणाल्या, "आमच्याकडं ह्याला लाजाळू न्हाई म्हणत. मुट्टिदरे मुनि म्हणतात." अर्थ विचारला. "हात लावला तर रागावणारी."

थोरलीने मान वर केली. "रागावते? लाजत नाही?" मावशी म्हणाल्या, "लाजायचं कशाला? हात लावणाऱ्यानं लाजावं."

त्या रात्री ती आईजवळ बोलली. शिकवणीच्या वाटेवर एक मुलगा रोज तिचा हात धरत होता. आपलीच लाज जाईल म्हणून ती गप्प होती आणि घरी बसली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे तिला घेऊन त्या मुलाच्या घरी गेलो. त्याच्या आईवडिलांपुढे तिने सगळे स्वतः सांगितले. आम्ही फक्त शेजारी बसलो होतो. आठ दिवसांत शिकवणी पुन्हा सुरू झाली. आता ती अकरावीला, शास्त्र शाखेत आहे.

आजीनेही ते वाक्य पुन्हा कधी उच्चारले नाही. यंदा शेंगा वाळल्या तेव्हा तिनेच बी निवडून विडीच्या दोऱ्याने पुड्या बांधल्या आणि शेजारणींना वाटल्या. बी मागायला आलेल्या प्रत्येकीला ती दोन गोष्टी सांगते : गरम पाण्यात भिजव, आणि घरच्या पोरीला याचं कन्नड नाव सांग.