हजार मैलांच्या खुणा

मर्सिडीज-बेंझच्या ३०० एसएलआर या चंदेरी गाडीवर लाल रंगात ७२२ हा आकडा रंगवलेला आहे. मोटारशर्यतींच्या इतिहासात इतका ओळखीचा दुसरा आकडा क्वचितच सापडेल. त्याचा अर्थ मात्र अगदी साधा आहे. १ मे १९५५ रोजी सकाळी सात वाजून बावीस मिनिटांनी ही गाडी इटलीतल्या ब्रेशा शहरातून निघाली, म्हणून ७२२. महायुद्धानंतरच्या ‘मिले मिल्या’ शर्यतीत गाडीची सुटण्याची वेळ हाच तिचा क्रमांक असे. सर्वांत छोट्या, मंद गाड्या आदल्या रात्रीच निघायच्या आणि वेगवान गाड्या सकाळी सर्वांत शेवटी. त्यामुळे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या शेतकऱ्यालासुद्धा हातातल्या घड्याळावरून कळायचं, की समोरून गेलेला गडी किती पुढे आहे आणि किती मागे.

जुन्या स्पोर्ट्स कारच्या शर्यतींच्या आठवणी जपणारी माणसं जगभर आहेत. कुणी चालकांचे हातमोजे जमवतं, कुणी कार्यक्रमपत्रिका, कुणी वेळेचे शिक्के मारलेली कार्डं. पण १९२७ ते १९५७ या तीस वर्षांत ब्रेशाहून रोमला जाऊन परत येणाऱ्या या हजार मैलांच्या शर्यतीने मागे ठेवलेल्या वस्तूंची जात वेगळी आहे. त्या नुसत्या शोभेच्या नाहीत. बहुतेक वस्तूंवर कुणाच्या तरी कामाचे, कष्टाचे, कधी भीतीचे डाग आहेत. त्यांची किंमत लावायची तर त्या डागांवरूनच लावली पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं.

या शर्यतीचा जन्म झाला तो रुसव्यातून. १९२१ मध्ये इटलीची ग्रां प्री ब्रेशाजवळ मोन्तिक्यारीला झाली, आणि पुढच्याच वर्षी ती मिलानजवळच्या नव्या मोंझा ट्रॅकवर गेली. मोटारींचं गाव म्हणून मिरवणाऱ्या ब्रेशाला हे लागलं. आयमो माज्जी आणि फ्रांको मात्सोत्ती हे दोन तरुण सरदारपुत्र, रेन्झो कास्तान्येतो हा आयोजक आणि जोव्हान्नी कानेस्त्रिनी हा क्रीडापत्रकार अशा चौघांनी मिळून ठरवलं, की ट्रॅक नसला तर नसू दे, अख्खा देश आहे. अंतर साधारण सोळाशे किलोमीटर भरत होतं, म्हणजे जवळजवळ हजार मैल. नाव तिथूनच आलं. पहिली शर्यत मार्च १९२७ मध्ये झाली आणि ती ब्रेशातच तयार होणाऱ्या ‘ओएम’ गाडीने जिंकली. फेर्दिनान्दो मिनोइया आणि ज्युझेप्पे मोरान्दी यांना एकवीस तासांहून थोडा जास्त वेळ लागला, सरासरी ताशी सुमारे ७७ किलोमीटर. रस्ते बहुतेक मातीचे होते. गावाने आपला मान परत मिळवला होता आणि कास्तान्येतोची गोल हॅट पुढची तीस वर्षं सुरुवातीच्या रेषेवर दिसत राहिली.

आठवणींच्या बाबतीत पहिला मान तात्सिओ नुव्होलारीचा. मांतोव्हाचा हा सडपातळ, बुटका माणूस १९३० मध्ये अल्फा रोमिओ घेऊन जिंकला आणि ताशी शंभर किलोमीटरची सरासरी पहिल्यांदा ओलांडली गेली. त्या शर्यतीची एक गोष्ट इटलीत पोरांनाही पाठ असते. पहाटेच्या अंधारात नुव्होलारीने गाडीचे दिवे मालवले, पुढे चाललेल्या आकिले वार्झीला पत्ता लागू न देता तो त्याच्या मागे जाऊन भिडला आणि अचानक दिवे लावून झपकन पुढे निघाला. हे असंच घडलं का, यावर जाणकारांचं एकमत नाही. वेळेच्या नोंदी वेगळंच सांगतात. वार्झी नुव्होलारीच्या दहा मिनिटं आधी निघाला होता, म्हणजे रस्त्यावर त्याला गाठण्याच्या कितीतरी आधीच नुव्होलारी घड्याळावर पुढे होता. जिंकण्यासाठी त्याला ओलांडण्याची गरजच नव्हती. मला ही गोष्ट या नोंदीमुळे कमी नव्हे, जास्त आवडते. गरज नसताना ज्याला ओलांडावंसं वाटलं, तो स्पर्धक किती जिव्हारी लागलेला असेल!

याच नुव्होलारीची एक वस्तू मला सगळ्या चषकांहून मोठी वाटते. १९३२ मध्ये कवी गाब्रिएले दान्नुन्त्सिओ याने गार्दा सरोवराकाठच्या आपल्या घरी त्याला सोन्याचं छोटं कासव दिलं. सर्वांत वेगवान माणसाला सर्वांत संथ प्राणी, अशी त्यामागची कल्पना. त्यानंतर नुव्होलारी ते आपल्या पिवळ्या जर्सीवर गळ्याशी लावून शर्यतीत उतरू लागला. १९४८ ची त्याची मिले मिल्या डोळ्यांसमोर आणली, की त्या कासवाचं वजन कळतं. वय पंचावन्न, फुप्फुसं निकामी होत चाललेली, दोन्ही मुलगे अठराव्या वर्षी गेलेले. फेरारीने त्याला गाडी दिली आणि तो सर्वांच्या पुढे गेला. वाटेत मडगार्ड निखळलं, बॉनेट उडून गेलं, बसण्याची सीट सुटली, तरी तो थांबेना. शेवटी रेज्जो एमिलियाजवळ गाडीनेच हात टेकले. ती शर्यत क्लेमेन्ते बिओन्देत्तीने जिंकली. बिओन्देत्तीने ही शर्यत एकूण चार वेळा जिंकली, इतक्या वेळा दुसऱ्या कुणीच नाही. तरी १९४८ म्हटलं की लोकांना हरलेलाच आठवतो. १९५३ मध्ये नुव्होलारी गेला आणि पुढच्या वर्षीपासून शर्यतीचा मार्ग त्याच्या मांतोव्हावरून जाऊ लागला.

आता पुन्हा ७२२ कडे वळू. ती चालवणारा स्टर्लिंग मॉस पंचवीस वर्षांचा होता. त्याच्या शेजारी बसला होता डेनिस जेन्किन्सन, इंग्लंडच्या ‘मोटर स्पोर्ट’ मासिकाचा दाढीवाला वार्ताहर. हा नुसता लेखणीबहाद्दर नव्हता. १९४९ मध्ये एरिक ऑलिव्हरच्या साइडकारमध्ये बसून त्याने जगज्जेतेपद मिळवलं होतं, तेव्हा दुसऱ्याच्या हाती जीव देऊन वळणावर अंग झोकणं त्याला सवयीचं होतं. या दोघांनी शर्यतीआधी तो सगळा मार्ग पुन्हा पुन्हा पालथा घातला. कुठलं वळण फसवं, कुठला चढ पलीकडे सरळ उतरतो, कुठे रेल्वेचं फाटक, कुठे रस्ता खडबडीत, हे सगळं जेन्किन्सनने टिपून घेतलं. मग ती टिपणं साडेपाच मीटरच्या आसपास लांबीच्या एका कागदी पट्टीवर उतरवली. पट्टी दोन रुळांवर गुंडाळली, रूळ ॲल्युमिनियमच्या पेटीत बसवले आणि पेटीला पारदर्शक खिडकी ठेवली. मार्ग पुढे सरकेल तशी तो पट्टी गुंडाळत राहायचा.

वाचलेलं मॉसला सांगायचं कसं, हा खरा प्रश्न होता. इंजिनाच्या गर्जनेत शब्द ऐकू येणं शक्य नव्हतं. बोलण्याचं यंत्रही लावून पाहिलं, पण चालकाचं चित्त रस्त्यावर इतकं एकवटलेलं असे, की कानावर पडलेलं डोक्यात शिरत नसे. म्हणून त्यांनी हाताच्या पंधरा-एक खुणा ठरवल्या. पलीकडचं काही दिसत नाही अशा उंचवट्याकडे मॉस ताशी २७० किलोमीटरच्या आसपास वेगाने जायचा, कारण शेजारच्या हाताने सांगितलेलं असे की पुढे रस्ता सरळ आहे. जेन्किन्सन एक ओळ चुकला असता, तर दोघेही संपले असते. त्या पट्टीवरच्या प्रत्येक ओळीवर दुसऱ्या माणसाने आपला जीव ठेवला होता. अशा कागदाला स्मृतिचिन्ह म्हणणं मला थोडं अपुरं वाटतं.

रोमला जो पुढे असतो तो ब्रेशाला जिंकत नाही, अशी या शर्यतीत समजूत होती. मॉस रोमला पुढे होता. फ्लॉरेन्स ते बोलोन्या हा फुता आणि रातिकोसाचा घाट एका तासात पार करायची त्याची जिद्द होती, आणि एखाद-दुसरं मिनिटच जास्त लागलं. दहा तास, सात मिनिटं, अठ्ठेचाळीस सेकंद. सरासरी ताशी १५७ किलोमीटरहून अधिक. मुंबईहून दिल्ली गाठून आणखी पुढे जाण्याइतकं अंतर, तेही गावागावांतून, घाटवळणांतून. ती वेळ पुढे कुणालाच मोडता आली नाही. दुसरा आलेला हुआन मान्युएल फान्जिओ अर्ध्या तासाहून मागे होता, आणि तो एकटाच होता, शेजारी कागद वाचणारं कुणी नव्हतं. शर्यतीनंतरच्या छायाचित्रात मॉस आणि जेन्किन्सनचे चेहरे काजळीने काळे झालेले दिसतात, फक्त डोळ्यांभोवती गॉगलची पांढरी वर्तुळं. ते छायाचित्र मी पाहतो तेव्हा आधी जेन्किन्सनकडे पाहतो.

छायाचित्रांचा विषय निघाला तर लुई क्लेमांतास्कीला वगळता येत नाही. १९५७ मध्ये तो पीटर कॉलिन्सच्या फेरारीत शेजारच्या सीटवर बसला तो कॅमेरा घेऊन. मार्ग सांगता सांगता त्याने आतून चित्रं टिपली: स्टिअरिंगवरचे हात, वाऱ्यात ताणलेला चेहरा, समोरून अंगावर येणारा ओला रस्ता आणि दोन्ही बाजूंना भिंतीसारखी उभी माणसं. शर्यतीची बाकी बहुतेक चित्रं रस्त्याकडेला उभं राहून काढलेली आहेत. ही आतली आहेत. कॉलिन्स आघाडीवर होता, पण पार्माला गाडी निकामी झाली. आज ती चित्रं पाहताना रस्त्याच्या कडेची माणसं किती जवळ आहेत, हे पाहून छातीत धस्स होतं.

कारण ती १२ मे १९५७ होती. स्पेनचा सरदार अल्फोन्सो दे पोर्तागो, वय अठ्ठावीस, आणि त्याचा अमेरिकन सहकारी एडमंड नेल्सन ५३१ क्रमांकाच्या फेरारीतून ब्रेशाकडे सुसाट निघाले होते. शर्यत संपत आली होती. ग्विदित्सोलो गावाजवळच्या सरळ रस्त्यावर टायर फुटला आणि गाडी गर्दीत शिरली. दोघेही गेले आणि त्यांच्यासोबत रस्त्याकडेचे नऊ प्रेक्षक, त्यांत पाच मुलं. धोक्याची सूचना आधी मिळाली नव्हती असं नाही. १९३८ मध्येही बोलोन्यात एक गाडी गर्दीत घुसून दहा जण दगावले होते आणि शर्यत बंद पडली होती. १९४० मध्ये ती बंद केलेल्या त्रिकोणी मार्गावर झाली आणि युद्धानंतर पुन्हा उघड्या रस्त्यांवर आली. ग्विदित्सोलोनंतर मात्र सरकारने ती कायमची थांबवली. त्या वर्षी जिंकलेला पिएरो तारुफ्फी पन्नास वर्षांचा होता. शर्यत जिंकली की निवृत्त होईन, हा पत्नीला दिलेला शब्द त्याने पाळला. एन्झो फेरारीवर मनुष्यवधाचा खटला चालला आणि १९६१ मध्ये तो निर्दोष सुटला.

पुढची कहाणी पैशांची आहे, आणि ती मी थोडक्यातच सांगतो. १९७७ पासून मिले मिल्या पुन्हा सुरू झाली, पण वेगाची शर्यत म्हणून नव्हे. ठरलेल्या वेळेत ठरलेलं अंतर काटेकोर पार करायचं, अशी ती कसोटी आहे आणि मूळ शर्यतीत धावलेल्या प्रकारच्याच गाड्यांना तिथे प्रवेश मिळतो. त्यामुळे जुन्या प्रवेशयाद्या, वेळेचे तक्ते, सुरुवातीच्या रेषेवर क्रमांक स्पष्ट दिसणारं छायाचित्र या कागदांना सोन्याचा भाव आला. गाडीच्या चासीवरचा क्रमांक त्या कागदाशी जुळला, की किमतीचा आकडा बदलतो. १९५७ मध्ये वोल्फगांग फॉन ट्रिप्सने दुसरी आणलेली फेरारी २०१६ मध्ये पॅरिसच्या लिलावात तीन कोटी वीस लाख युरोंहून जास्त किमतीला गेली. २०२२ मध्ये मर्सिडीजची ३०० एसएलआर कूपे साडेतेरा कोटी युरोंना विकली गेली, आजवरची सर्वांत महागडी गाडी. ती गाडी एकाही शर्यतीत उतरलेली नव्हती.

गाड्यांना भाव यावा, यात मला काही गैर वाटत नाही. भावामुळेच अनेक गाड्या भंगारात जाण्यापासून वाचल्या. पण या शर्यतीचा संग्रह करायचा तर तो पूर्ण करावा. ब्रेशातल्या सान्त एउफेमिया मठात २००४ पासून तिचं संग्रहालय आहे, मांतोव्हात नुव्होलारीचं आहे आणि ग्विदित्सोलोजवळ रस्त्याकडेला गेलेल्यांचं स्मारक आहे. ही तिन्ही ठिकाणं एकमेकांपासून मोटारीने फार लांब नाहीत. जो पहिली दोन पाहतो त्याने तिसरं चुकवू नये. आणि ज्याला एवढ्या दूर जाणं जमणार नाही, त्याने ‘मोटर स्पोर्ट’च्या जून १९५५ च्या अंकातला जेन्किन्सनचा लेख मिळवून वाचावा. दहा तास शेजारी बसलेल्या माणसाने, उलटी झाली आणि चष्मा उडून गेला हेही न लपवता, गीअर आणि वळणांसकट सगळं त्यात लिहिलेलं आहे.