डोकं विमानात, मांस गावात!

शिकार परदेशात केली, पण ती घरी आणायची कशी? बंदुकीपेक्षा कागदपत्रंच जास्त लागणाऱ्या एका प्रवासाची ही गोष्ट.

नोव्हेंबर उजाडला, की अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या ऑफिसांमध्ये हरणांच्या शिकारीच्या गप्पा रंगतात. माझी एक मैत्रीण तिथे ऑनसाइट आहे. तिच्या टीममधला एक जण दरवर्षी हरीण मारतो, फ्रीझर भरतो आणि मसाला लावून सुकवलेल्या मांसाच्या पट्ट्या ऑफिसात वाटतो. यंदा स्वारी थेट कॅनडात गेली, मूस मारायला. मूस म्हणजे घोड्याएवढं थोराड हरीण! मैत्रिणीने चॅटवर विचारलं, "अगं, एवढं मांस हा बॉर्डरवरून आणणार कसं?" प्रश्न भन्नाट होता. लागले कामाला!

पंख दाखवा, पुढे जा

कॅनडातून अमेरिकेत शिकारीचं मांस आणता येतं. पण शिकारीचं लायसन्स हवं, प्राण्याला लावलेला टॅग हवा, शिवाय अमेरिकेच्या फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसचा डिक्लेरेशन फॉर्म भरायचा. बदकं मारली असतील, तर प्रत्येकाचा एक पंख पिसांसकट ठेवायचा. सोललेली सगळी बदकं सारखीच दिसतात ना! कुठल्या जातीचं मारलं, हे तपासणाऱ्याला त्या पंखावरून कळतं.

हरणांचं मात्र आणखी एक लफडं आहे. १९६७मध्ये कोलोरॅडोत पहिल्यांदा दिसलेला 'क्रॉनिक वेस्टिंग डिसीज' हा हरणांचा मेंदू पोखरणारा रोग. माणसाला तो झाल्याची एकही खात्रीशीर नोंद नाही, पण त्याला कारणीभूत असलेला प्रिऑन शिजवूनही मरत नाही. म्हणून अमेरिकेतली अनेक राज्यं हरणाचा मेंदू आणि पाठीचा कणा बाहेरून आणू देत नाहीत. हाडं काढलेलं मांस आणि स्वच्छ केलेली शिंगं, एवढंच गाडीत ठेवायचं.

आफ्रिकेत उलटा मामला

दक्षिण आफ्रिका किंवा नामिबियात शिकारीला जाणारे गोरे पाहुणे मांस घरी नेतच नाहीत. लाळ्या-खुरकूतच्या भीतीने अमेरिका तिथलं कच्चं मांस आत येऊ देत नाही. मग मांस तिथेच राहतं. नामिबियात १९९६च्या कायद्याने गावकऱ्यांच्या संस्थांना वन्यजीवांवर हक्क मिळाले. शिकारीचे पैसे त्या संस्थांकडे येतात आणि मांस गावात वाटलं जातं.

प्रवास करतं ते डोकं. त्याला म्हणतात 'डिप अँड पॅक'. कातडीला मीठ लावायचं, कवटी उकळून साफ करायची, सगळं जंतुनाशकात बुडवायचं, लाकडी खोक्यात बंद करायचं. त्यावर पशुवैद्यकाचं सर्टिफिकेट. प्राणी दुर्मिळ असेल, तर 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराचं परमिट. गेंड्यासारख्या सर्वात कडक यादीतल्या बहुतेक प्राण्यांना निघताना एक आणि पोहोचताना एक अशी दोन परमिटं लागतात. शिकार दहा दिवसांची, पण खोकं घरी पोहोचायला कित्येक महिने!

आणि परमिट म्हणजे केवढी ताकद, ते बघा. जानेवारी २०१४मध्ये डलासच्या एका लिलावात नामिबियातल्या एका काळ्या गेंड्याच्या शिकारीची बोली गेली साडेतीन लाख डॉलर्सवर. पण अमेरिकेने आयातीचं परमिट दिलं मार्च २०१५मध्ये आणि त्यानंतरच, मे महिन्यात, गोळी झाडली गेली. घरी नेता येणार नसेल, तर मारायचा कशाला!

खरी लढाई बॉर्डरवर

जुलै २०१५मध्ये झिम्बाब्वेतला सेसिल नावाचा सिंह एका अमेरिकन डेंटिस्टने मारला आणि जगभर बोंबाबोंब झाली. पुढच्याच महिन्यात डेल्टा, अमेरिकन आणि युनायटेड या विमान कंपन्यांनी सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानरेड्याच्या ट्रॉफी न्यायला नकार दिला. नोव्हेंबरमध्ये फ्रान्सने सिंहाच्या ट्रॉफींना दार बंद केलं. शिकार थांबवायला आफ्रिकेत जायची गरजच नाही, एअरपोर्टवर अडवलं की झालं!

मला सेसिलचं वाईट वाटलंच. पण दुसरी बाजूही आहे. बोट्स्वानात सुमारे १,३०,००० हत्ती आहेत आणि ते शेतं तुडवतात, माणसं मारतात. २०२४मध्ये जर्मनी ट्रॉफींचे नियम कडक करायला निघाली, तेव्हा तिथले तत्कालीन राष्ट्राध्यक्ष मोक्वीत्सी मासिसी भडकून म्हणाले, २०,००० हत्ती तुमच्याकडेच पाठवतो, राहा त्यांच्यासोबत! विनोद सोडा, पण मुद्दा बरोबर आहे. भिंतीवरचं डोकं मला किळसवाणं वाटतं. तरीही ज्याच्या शेतात हत्ती शिरतो, त्याला न विचारता बर्लिनमध्ये बसून निर्णय घेणं मला पटत नाही. बंदी घाला, पण गावाचे बुडणारे पैसे कोण देणार, हेही त्याच कागदावर लिहा.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर हौसेची शिकार संपली. आजोबांच्या काळातलं वाघाचं कातडं घरात असेल, तर त्यालाही मालकीचं सर्टिफिकेट लागतं. परदेशातून येणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं ते एवढंच: कस्टम्सच्या फॉर्मवर मांसासाठी वेगळा रकाना आहे आणि वन्यप्राण्यांचे अवयव ही बॅगेत टाकून आणायची वस्तू नाही. कलिगने प्रेमाने दिलेल्या त्या सुक्या पट्ट्या तिथेच खाऊन टाका. येताना चॉकलेट्स आणा. शिंगं ज्याची त्याच्याच डोक्यावर शोभतात, बॉस!