तीन आठवडे आणि दहा मिनिटं

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर एकटी एलर मावशी ताक घुसळत बसलेली असते. समूहनृत्य नाही, नटलेल्या मुलींचा ताफा नाही. विंगेतून एका गुराख्याचा आवाज येतो. साथीला एकही वाद्य नाही. आजची सकाळ किती छान आहे, एवढंच तो गातो. ३१ मार्च १९४३ रोजी न्यूयॉर्कच्या सेंट जेम्स थिएटरात ‘ओक्लाहोमा!’ हे संगीतनाटक असं सुरू झालं आणि त्याचे पुढे २,२१२ प्रयोग झाले.

हे गाणं ऐकताना वाटतं, बसल्या बैठकीला झालं असेल. ते लिहायला गीतकार ऑस्कर हॅमरस्टीन यांना तीन आठवडे लागले.

पेनसिल्व्हेनियातल्या डॉइल्सटाउनजवळच्या आपल्या शेतघरात ते उंच मेजापाशी उभं राहून लिहीत. ओळ अडली की येरझाऱ्या, मग पुन्हा मेज. लिन रिग्ज यांच्या मूळ नाटकात सुरुवातीलाच सकाळचं वर्णन करणारी रंगसूचना होती. गाण्याचं बीज त्यांना तिथे सापडलं. त्यात मक्याची उंची सांगायची होती. आधी त्यांनी ती गुराख्याच्या तट्टाच्या डोळ्याशी मोजली. मग शेजारच्या शेतात जाऊन पाहिलं तर मका त्याहून कितीतरी उंच वाढलेला. घरी येऊन तट्टाच्या जागी हत्ती आणला. आज लोकांना हत्तीच आठवतो, पण त्यासाठी कुणीतरी उठून शेतापर्यंत गेलं होतं.

कागद संगीतकार रिचर्ड रॉजर्स यांच्या हाती पडला. चाल बांधायला त्यांना दहा मिनिटं पुरली, असं सांगतात.

इथे कामाचा क्रमच उलटा झाला होता. आधीचे जोडीदार लॉरेन्झ हार्ट यांच्याबरोबर रॉजर्स बहुतेक वेळा चाल आधी देत आणि शब्द मागून येत. मराठी वाचकाला ही रीत घरचीच. १८८०च्या ‘शाकुंतला’पासून आपली कितीतरी नाट्यपदं तयार चालींवर बेतलेली आहेत, आणि चालीवर लिहिणाऱ्याला निदान मात्रांचा आधार असतो. हॅमरस्टीन यांच्यापुढे नुसता कोरा कागद. मग ते स्वतःच मनात एखादी कामचलाऊ चाल रचून त्या तालावर शब्द बसवत. संगीत म्हणून त्या चाली अगदीच सुमार असत, हे त्यांनीच लिहून ठेवलं आहे. पण ओळीला चालतं ठेवायला तेवढं पुरे होई.

शब्द कागदावर शोभला म्हणून गळ्यात शोभेल असं नाही. ‘कॅरोसेल’ (१९४५) या संगीतनाटकातल्या एका सुंदर गाण्याचा शेवट त्यांनी ‘क’ या व्यंजनावर केला. गायिकेला तिथे स्वर लांबवताच येईना. हवा अडते आणि सूर तुटतो. ते गाणं हवं तितकं लोकप्रिय झालं नाही याचं खापर त्यांनी त्या एका व्यंजनावर फोडलं. आकारावर सम गाठण्याचं सुख ज्यांनी नाट्यसंगीतात अनुभवलंय, त्यांना हे लगेच पटेल.

१९४९ साली आपल्या गीतांच्या संग्रहाला जोडलेल्या लेखात त्यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याची आठवण काढली आहे. वरून घेतलेल्या एका छायाचित्रात त्यांना पुतळ्याच्या डोक्यावरच्या केसांची बट न् बट कोरलेली दिसली. १८८६ मध्ये पुतळा उभा राहिला तेव्हा विमान नव्हतं, वरून तो भाग पाहणार कोण? तरीही शिल्पकाराने कसर ठेवली नाही. गाणं लिहिणाऱ्यानेही ती ठेवू नये, हा त्यांचा मुद्दा.

हे लिहिणारा माणूस अपयश पचवून आलेला होता. ‘ओक्लाहोमा!’च्या आधी दहाएक वर्षं त्यांची नाटकं पाठोपाठ पडली होती. यश मिळाल्यावर त्यांनी ‘व्हरायटी’ या नाट्यव्यवसायाच्या साप्ताहिकात जाहिरात दिली, तीही आपल्या पडलेल्या नाटकांची. कुठलं किती आठवडे चाललं, त्या आकड्यांसकट. हे आधी जमलंय आणि पुन्हाही जमेल, असा तिचा सूर होता. लिहिणाऱ्याला धीर देणारं याहून प्रामाणिक काही माझ्या वाचनात नाही.

फ्रेड झिनेमन यांनी १९५५ मध्ये ‘ओक्लाहोमा!’वर काढलेला चित्रपट आजही मिळतो. लहानपणी पाहून विसरला असाल तर पुन्हा लावा, आणि मक्याची ओळ येईल तेव्हा कान द्या.