पेल्याचा आग्रह नको!

गटारी, एकतीस डिसेंबर, कुणाची बढती, कुणाची नवी गाडी. निमित्त कोणतेही असो, गच्चीवर किंवा शेतावर ‘बसणे’ आता लहान गावांतही नवे राहिलेले नाही. मद्य न घेणे हेच प्रकृतीला उत्तम, हे आधीच सांगून टाकतो. पण ज्यांच्याकडे अशी बैठक होणारच आहे, त्या यजमानांनी काही गोष्टी जाणून घेणे आवश्यक आहे. पंगतीत जिलबीचा आग्रह शोभतो. पेल्याचा आग्रह मात्र पाहुण्याच्या जिवावर बेतू शकतो.

किती म्हणजे किती?

व्हिस्की किंवा रमच्या ३० मिलिलिटरच्या लहान पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असते. बिअर सौम्य, असा समज आहे. परंतु ८ टक्के अल्कोहोल असलेल्या ‘स्ट्राँग’ बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे ४० ग्रॅम, म्हणजे चार लहान पेगांइतके अल्कोहोल असते. आपले यकृत तासाभरात साधारण ७ ते १० ग्रॅमचाच निचरा करते. लिंबूपाणी, काळी कॉफी, गार पाण्याची आंघोळ यांनी तरतरी वाटेल, पण रक्तातील अल्कोहोल कमी होत नाही. चार पेग उतरायला चार तासांहून अधिक वेळ लागू शकतो.

यजमानाने काय करावे?

पेग अंदाजाने न ओतता मापाने भरावा. पेला रिकामा दिसला की लगेच भरू नये. उपाशीपोटी मद्य लवकर चढते, म्हणून खाणे आधी मांडावे. पाणी व सरबत हाताशी ठेवावे. कोणी ‘नको’ म्हटले, तर कारण विचारू नये. तो झोपेच्या किंवा फिट्सच्या गोळ्या घेत असेल, मधुमेहासाठी इन्शुलिन घेत असेल. चारचौघांत ते सांगणे त्याला जड जाते. उरलेले पेले लगेच उचलावेत. लहान मूल ते प्यायले, तर त्याच्या रक्तातील साखर धोकादायक प्रमाणात उतरू शकते.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि व्हिस्की, रमसारख्या मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार पिणाऱ्याकडेही परवाना हवा. तो एक दिवसाचाही मिळतो. हॉल किंवा लॉनवर कार्यक्रम असल्यास राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या कार्यालयात आधी चौकशी करून परवाना घ्यावा. वर्धा व गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, हे तिकडच्या यजमानांनी विसरू नये.

मद्य परवानाधारक दुकानातूनच घ्यावे. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. अशा दारूतील मिथेनॉलचा परिणाम काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी दिसतो. अंधुक दिसणे, पोटदुखी, धाप लागणे ही लक्षणे दिसताच क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे.

घरी जाताना

१०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल असताना वाहन चालवणे हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘जवळच तर जायचे आहे’ हे कारण चालत नाही, आणि स्कूटरलाही हाच नियम लागू आहे. किल्ल्या यजमानाने आपल्याकडे ठेवाव्यात. न पिणाऱ्या माणसाबरोबर पाहुण्याला पोचवावे, नाहीतर घरातच अंथरूण घालून द्यावे.

‘झोपू द्या, सकाळी उतरेल’

हे वाक्य सर्वांत घातक! हाक मारूनही जाग येत नसेल, श्वास मंद किंवा अडखळत असेल, अंग गार व निळसर पडत असेल, तर ती झोप नव्हे, बेशुद्धी आहे. उताणे झोपवल्यास उलटी श्वासनलिकेत जाऊन माणूस गुदमरतो. त्याला कुशीवर वळवावे, तोंडात पाणी किंवा ताक घालू नये, एकटे सोडू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बोभाटा होईल या भीतीने उशीर करू नये.

पाहुणा धडधाकट घरी पोचला, हेच खरे आदरातिथ्य.