‘काही नाही’ म्हणजे काय?

स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज जरा जास्तच यायला लागला, की बाहेरच्या खोलीतली माणसं हळूच एकमेकांकडे बघतात. कढई ठेवली जात नाही, आपटली जाते. डब्याचं झाकण लागत नाही, आदळतं. मग कुणी तरी धीर करून विचारतं, ‘‘काय झालं गं?’’ आणि आतून उत्तर येतं, ‘‘काही नाही.’’

मैत्रिणींनो, आपल्या घरात सगळ्यांत जास्त वेळा बोललं जाणारं खोटं कुठलं असेल, तर ते हे ‘काही नाही’! शब्द एक सांगतात आणि हात, खांदे, आवाजाची पट्टी दुसरंच सांगत असतात. गंमत म्हणजे ऐकणाऱ्याचा विश्वास शब्दांवर नसतो, कढईवर असतो.

आपली मराठी तरी बघा. नाक मुरडणं, डोळे वटारणं, कपाळाला आठ्या घालणं, पाठ फिरवणं, हात झटकणं, जीभ चावणं, कानाडोळा करणं... शरीराच्या बोलण्यासाठी किती शब्द आहेत! भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात नुसत्या डोक्याच्या १३ हालचाली आणि नजरेचे ३६ प्रकार सांगितले आहेत. अभिनयाच्या चार प्रकारांत बोलण्याचा, म्हणजे वाचिक अभिनय, हा फक्त एक. बाकीचे तीन देहाचे, वेशभूषेचे आणि आतून उमटणाऱ्या भावाचे.

आम्हा भावंडांना शाळेत जायच्या आधीच आईच्या डोळ्यांची बाराखडी पाठ होती. कुणाकडे गेलो आणि लाडवांची बशी पुढे आली, की आधी आईकडे बघायचं. पापणी हलकेच मिटली म्हणजे ‘घे’. एक भुवई किंचित वर गेली म्हणजे ‘एकच’. आणि नजर समोरच्या भिंतीवर खिळली, की ‘घरी चल, मग बघते!’

खरं तर ही बाराखडी पाळण्यातच सुरू होते. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. आई बाळाशी हसत-खेळत असते. मग दोन-तीन मिनिटं ती चेहरा अगदी दगडासारखा करते. हसत नाही, बोलत नाही, नुसती बघते. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, आईला पुन्हा खेळात ओढायची खटपट करतं. जमलं नाही, की तोंड फिरवतं, रडवेलं होतं. आई परत बोलायला लागली, की हळूहळू सावरतं. काही महिन्यांच्या जिवाला एवढं कळतं! हल्ली मोबाइलमध्ये मान घातलेल्या आईबाबांसमोर बसलेलं लेकरू दिसलं, की मला हा प्रयोग हमखास आठवतो.

पण आज मला वेगळंच बोलायचंय. चेहरे वाचायचं हे काम घरात करतं कोण? नवी सून आली, की पहिल्या महिन्यात काय शिकते? मामंजींनी पेपर कसा बाजूला टाकला, त्यावरून चहा आत्ता न्यायचा की थांबायचं. नवऱ्याच्या चपला काढण्याच्या आवाजावरून आज विषय काढायचा की नाही. नणंदेच्या ‘छान झालंय हं’मध्ये मीठ कमी आहे की जास्त. सगळं घर ती वाचते. तिचा चेहरा वाचायला मात्र कुणाला सवड नसते. ती जेवताना गप्प असली, तर ‘दमली असेल’ म्हणून विषय संपतो.

मग आपण एक हट्ट धरून बसतो. ‘न सांगता कळायला नको का?’ इथूनच अबोला सुरू होतो. अबोला हे तर आपलं खास घरगुती अस्त्र! चार-चार दिवस नवरा-बायको एकाच खोलीत वावरतात आणि मुलांना पोस्टमन करतात. ‘‘बाबांना सांग, पान वाढलंय.’’ ‘‘आईला सांग, मला भूक नाही.’’ वरून विनोदी वाटतं, पण त्या पोराचं पोट तुटत असतं. आणि ज्याला कळावं म्हणून एवढं चाललेलं असतं, त्याला बऱ्याचदा मूळ कारणच माहीत नसतं. ‘ही चिडलीय’ एवढं कळतं, ‘का’ ते कळत नाही. चेहरा तेवढंच सांगू शकतो.

म्हणून ‘चेहऱ्यावरून माणूस ओळखते मी’ असं कुणी म्हणालं, की मी जरा सावध होते. संभाषणात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, बाकी सगळी देहबोली, असं व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत हमखास सांगतात. हा आकडा आला अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून. पण ते प्रयोग भावनांपुरते होते. सुटा शब्द, आवाजाचा सूर आणि चेहरा यांचा मेळ बसला नाही, तर समोरच्याला आपण आवडतो की नाही हे लोक कशावरून ठरवतात, एवढंच त्यांत बघितलं होतं. हा आकडा सगळ्या बोलण्याला लागू नाही, असं पुढे मेहराबियन यांनीच स्पष्ट केलं. खोटं ओळखण्याचंही तेच. दोनशेहून जास्त अभ्यास एकत्र करून २००६ मध्ये निष्कर्ष निघाला, की समोरचा खरं बोलतोय की खोटं, हे माणसं सरासरी ५४ टक्के वेळाच बरोबर ओळखतात. म्हणजे छापा-काट्यापेक्षा थोडंसंच बरं!

माझ्या सासूबाईंचंच बघा. कपाळावर कायम आठी. नवख्या माणसाला वाटायचं, बाई रागावल्यात. तोंडभरून कौतुक कधी नाही. पण मी उशिरा कामावरून आले, की माझ्या वाटणीची साय वाटीत झाकून ठेवलेली असायची. त्यांची माया चेहऱ्यावर नव्हतीच, त्या झाकलेल्या वाटीत होती.

मग करायचं काय? खूण दिसली, की तिला निकाल समजायचं नाही, प्रश्न समजायचं. आणि तो प्रश्न नीट जागी, नीट वेळी विचारायचा.

आमच्या शेजारच्या काकूंकडून मी हे बघितलंय. त्यांची लेक लग्नानंतर पहिल्या दिवाळीला आली होती. ‘‘कशी आहेस?’’ ‘‘मस्त!’’ चेहरा हसरा. पण मोबाइल वाजला, की दचकायची. हातातल्या बांगड्या सारख्या फिरवत राहायची. सगळे फराळाला बसले असताना काकूंनी एक अक्षर विचारलं नाही. दुपारी सामसूम झाल्यावर तिला पाटावर बसवून डोक्याला तेल लावायला घेतलं. पोरीची पाठ आईकडे. नजरेला नजर नाही. काकू एवढंच म्हणाल्या, ‘‘तू दचकतेस गं. मला काळजी वाटते.’’ पुढे काही विचारलं नाही. तेल जिरवत राहिल्या. बऱ्याच वेळाने पोरगी बोलायला लागली. फोन तपासतात, पगार काढून घेतात, एकदा हातही उचलला होता. काकूंनी तिथल्या तिथे आकांत केला नाही. ‘‘तुझ्यामागे आम्ही आहोत,’’ म्हणाल्या. पुढे काय करायचं ते त्या मुलीने ठरवलं आणि घर तिच्या पाठीशी उभं राहिलं.

समोर बसवून, डोळ्यांत डोळे घालून ‘खरं सांग’ म्हटलं, की माणूस मिटतो. मेथी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना, गाडीवर मागे बसून जाताना तोच माणूस बोलतो. हाताला काम आणि नजरेला सुटका मिळाली, की जड शब्दही बाहेर येतात. वयात आलेल्या मुलांशी तर हे करून बघाच.

आणखी एक खूण प्रत्येकीला माहीत हवी. लॉकडाउनमध्ये, एप्रिल २०२० मध्ये, कॅनडातल्या एका महिला संस्थेने ती सुरू केली. तळहात समोरच्याकडे, अंगठा आत दुमडायचा, मग चार बोटं त्यावर मिटायची. अर्थ असा, की ‘मी संकटात आहे, पण बोलू शकत नाही.’ नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या केंटकी राज्यात १६ वर्षांच्या एका बेपत्ता मुलीने धावत्या गाडीतून ही खूण केली. मागच्या गाडीतल्या माणसाने ती ओळखून पोलिसांना कळवलं आणि मुलगी सुटली. व्हिडिओ कॉलवर कुणी अशी खूण केली, तर तिथेच ओरडू नका. ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यातच उत्तर देता येईल असं विचारा. धोका समोर दिसत असेल, तर ११२ आहे, महिलांसाठी १८१ आहे.

आणि आपलं स्वतःचं? आपलं ‘काही नाही’ जरा कमी करू या. ‘मला वाईट वाटलं’, ‘आज मी दमलेय, पोळ्या तू लाट’, ‘मला हे पटलं नाही’ ही वाक्यं आधी जड जातात, घशात अडकतात. पण एकदा म्हणून तर बघा. घरातल्यांना आपला चेहरा वाचायला शिकवायचं असेल, तर पहिल्या चार ओळी आपणच वाचून दाखवायला हव्यात ना!