पावसातला पारा

पारा म्हटलं की फुटलेला थर्मामीटर आणि फरशीवर पळणारे चंदेरी थेंब आठवतात. पण पारा पावसातूनही येतो. कोळसा जळताना तो वाफ होऊन वर जातो, महिनोन्‌महिने हवेत फिरतो, ऑक्सिडीकरण झालं की पाण्यात विरघळतो आणि सरींबरोबर खाली उतरतो.

तो गोळा करायला पुण्याच्या बिबवेवाडीतल्या एखाद्या मोकळ्या गच्चीवर विजेशिवाय चालणारं साधन पुरतं: काचेचं नरसाळं, त्याखाली बारीक नळी आणि बाटली. बाटलीत आधीच थोडं शुद्ध हायड्रोक्लोरिक आम्ल घालतात, म्हणजे पारा उडून जात नाही की काचेला चिकटत नाही. खरा कस लागतो तो स्वच्छतेचा. प्रमाण असतं लिटरला काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे अब्जांश! दाढेत चांदी भरलेल्या माणसाने नमुन्यावर श्वासही सोडू नये, कारण त्या चांदीत निम्मा पारा असतो.

लिटरला 10 नॅनोग्रॅम आणि वर्षाचा पाऊस 700 मिलिमीटर धरला, तर वर्षाला चौरस मीटरवर 7 मायक्रोग्रॅम पारा पडेल. पिण्याच्या पाण्यात हे नगण्य. पण तलावाच्या गाळात जिवाणू त्याचा मिथाइल पारा करतात आणि तो माशांमध्ये साठत जातो. मोजायचं ते त्यासाठी.