प्रशासकाच्या अधिकाराविना वेब सर्व्हर

पाठ, नकाशे व प्रश्नसंच एका संगणकावर ठेवून शाळेतील इतर संगणकांवर ते वाचता यावेत, यासाठी वेब सर्व्हर उपयोगी पडतो. हा सर्व्हर म्हणजे मागेल त्यास पाने देणारा प्रोग्राम होय. लिनक्स संगणकावर पुष्कळदा तो 'रूट' या सर्वाधिकारी खात्यातून सुरू केला जातो, आणि धोक्याचे मूळ तेथेच आहे. प्रोग्रामात दोष असल्यास त्यातून आत शिरणाऱ्यास प्रोग्रामाचे सारे अधिकार आयते मिळतात. शाळेचे फाटक उघडणाऱ्याजवळ दप्तराच्या कपाटाची किल्ली कोणी देत नाही. येथे मात्र ती दिली जाते!

जुलै २००१ मध्ये 'कोड रेड' नामक उपद्रवी प्रोग्रामाने मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस सर्व्हरातील दोषाचा लाभ घेऊन चौदा तासांच्या आत साडेतीन लाखांहून अधिक संगणक ग्रासले. सदोष भाग सर्वोच्च अधिकारांनिशी चालत असल्यामुळे संपूर्ण संगणकच परक्याच्या हाती जाई.

मग हा अधिकार मुळात लागतो कशास? केवळ दार उघडण्यास. संगणकाच्या जाळ्यावरील दारांना, म्हणजे पोर्टांना, क्रमांक असतात. युनिक्सच्या परंपरेनुसार १०२४ च्या खालील दारे रूटकरिता राखलेली असून वेबची रूढ दारे, ८० व ४४३, नेमकी त्यांतच मोडतात. अपाची व एनजिनएक्स हे सर्व्हर रूट म्हणून दार उघडतात आणि मागण्या पुरविण्याचे काम अल्पाधिकारी खात्याकडे सोपवितात. शाळेच्या कामास तेवढेही नको. ८०८० क्रमांकाचे दार साध्या खात्यातून उघडते. पत्त्यात संगणकाच्या नावापुढे अपूर्णविराम देऊन तो क्रमांक लिहावा लागतो, इतकेच.

परंतु साधे खाते म्हणजे शिक्षकाचे स्वतःचे खाते नव्हे. त्यातच हजेरी, गुणपत्रके व पत्रव्यवहार असेल, तर रूट टाळून काय साधले? सर्व्हरसाठी निराळे खाते प्रशासकाकडून एकदाच काढून घ्यावे. त्या खात्यास पाने वाचता यावीत, बदलता येऊ नयेत. पायथॉनसोबत येणारा छोटा सर्व्हर ज्या फोल्डरातून सुरू करावा, त्यातील सर्व फाइली खुल्या करतो. गुणांची यादी तेथे राहिली, तर मुले ती निकालाआधीच वाचतील. सार्वजनिक वापरासाठी त्याची शिफारस त्याचे कर्तेही करीत नाहीत. शिक्षकाच्या स्वतःच्या फोल्डरात इतर खात्यांस वाचनाची मुभा राहिलेली नाही ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.